बॅगा मोजून घ्या

माझा धाकटा भाऊ टॅक्सी चालवतो, पण तुम्ही विचारलंत तर तो तसं सांगणार नाही. "मी विमानतळाची गाडी चालवतो," असं म्हणेल, आणि म्हणताना मान अशी ताठ करेल की ऐकणाऱ्याला वाटावं, विमान हाच उडवतो. शहरातली बाकीची भाडी तो घेतो, पण नाइलाजाने. त्याची खरी गिऱ्हाइकं म्हणजे पोरांना शिकायला परदेशी पाठवणारे आईबाप. जाताना गाडी गच्च भरलेली असते, डिकीत बॅगा, टपावर बॅगा, मांडीवर डबे. येताना गाडीत फक्त दोघं. त्या परतीच्या दोघांवर माझ्या भावाचा फार जीव.

मी खालच्या मजल्यावर बायकांचे कपडे शिवते. भाऊ, भावजय आणि भाची वरच्या मजल्यावर राहतात. माझ्या मशीनसमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर त्याची गाडी उभी असते, त्यामुळे त्याच्या संसारात काय चाललंय हे मला बऱ्याचदा त्याच्याआधी कळतं. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला मास्तर म्हणतात. शाळेत हा स्वतः वर्गाबाहेर उभा असायचा, पण गाडीत बसला की याच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि समोरचा डॉक्टर असो की दुकानदार, निमूटपणे ऐकून घेतो. ऐकणार नाही तर काय करेल बिचारा, चालत्या गाडीतून उतरता थोडंच येतं.

खोटं कशाला बोलू, सांगतो ते बिनकामाचं नसतं. इतकी वर्षं पाठीमागे रडणारी माणसं ऐकून ऐकून त्याने ते जमवलंय. बॅग पोराने स्वतः भरायची, हा त्याचा आवडता पाठ. एका आईने म्हणे लेकाची बॅग इतकी मन लावून भरली की तिकडे पोचल्यावर त्याने पहिला फोन केला तो टॉवेल कुठे आहे हे विचारायला. आई इथून सांगतेय, निळ्या कप्प्यात बघ, अरे तो नाही, आतला निळा. भाऊ हे दोन्ही आवाजांत करून दाखवतो. भरलेली बॅग पोराला स्वतःला उचलता आली पाहिजे, म्हणून तो डिकी उघडतो आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहतो. बाप पुढे झाला तर म्हणतो, "साहेब, तुम्ही तिकडे जाणार आहात का? मग ठेवू द्या त्याला."

फोनवर 'जेवलीस का' विचारायचं नाही, 'कोणाबरोबर जेवलीस' विचारायचं. जेवण पोरं करतातच, मैत्री झाली की नाही ते कळलं पाहिजे. घरात तिकडच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावायचं नाही, नाहीतर आईचं निम्मं आयुष्य तिकडे आणि निम्मं इकडे, कुठलाच स्वयंपाक वेळेवर होत नाही. 'नाही जमलं तर परत ये, आम्ही आहोत' हे वाक्य म्हणायचं, जरूर म्हणायचं, पण महिनाभर आधी. दारात म्हटलं तर पोराला ते 'जाऊ नकोस' असं ऐकू येतं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे निरोप घरीच घ्यायचा. विमानतळाच्या दारात गाडी जरा रेंगाळली की पहारेकरी शिट्टी फुंकायला लागतो, आणि त्या शिट्टीच्या तालावर कोणाला नीट रडता येत नाही. तिथे फक्त बॅगा मोजून घ्यायच्या.

म्हणून तो दारात गाडी लावतो, सामान उतरवतो, "बॅगा मोजून घ्या हं," म्हणतो आणि शिट्टी वाजायच्या आत टॅक्सीच्या लांबच्या तळावर जाऊन थांबतो. पोर आत गेलं की आईबाप फोन करतात, मग हा वळसा घालून त्यांना घ्यायला येतो. ज्याचा चेहरा जास्त उतरलेला असेल त्याला पुढे बसवतो, म्हणजे शेजारच्या रिकाम्या जागेकडे लक्ष जात नाही. सरळ घरी नेत नाही. वाटेत एक चहावाला आहे, तिथे थांबतो आणि दोघांना खिडकीकडे पाठ करून बसवतो, कारण खिडकीतून विमानं दिसतात आणि मग प्रत्येक विमान आपलंच वाटायला लागतं. स्वतः गल्ल्यापाशी उभ्याने चहा घेतो. निघताना शेवटचं सांगतो, "पोचल्याचा मेसेज आला की फक्त 'बरं' लिहायचं. पन्नास प्रश्न विचारायचे नाहीत. पोरं दमलेली असतात."

एकदाच त्याला कोणीतरी गप्प केलं. परतीच्या वाटेवर एक बाई त्याचं सगळं ऐकून घेत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमचं लेकरू आत्ता घरी असेल ना? मग गाडी चालवा." ही गोष्ट त्याने मला हसत हसत सांगितली, पण नंतर बराच वेळ माझ्या दुकानात बसून कापडाच्या चिंध्यांची गुंडाळी करत राहिला. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "बरोबर बोलल्या त्या." मी अशीच आहे, माझ्या जिभेला हाड नाही.

त्याचं लेकरू म्हणजे माझी भाची. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती दोन्ही गाल भरून खायची आणि विचारलं तर 'तोंडात काही नाही' असं मानेने सांगायची. सुट्टीत बापाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून विमानतळाच्या फेऱ्या करायची. तिथे बसून बसून बाहेरचं जग बघायचं तिच्या डोक्यात शिरलं असेल तर त्यात नवल काय? शाळेतल्या बाईंनी तिला एक परीक्षा द्यायला लावली, आणि एका दुपारी उत्तर आलं. शाळेची शेवटची दोन वर्षं परदेशातल्या एका शाळेत, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. वय वर्षं सोळा.

भावाने सगळ्या स्टँडला चहा पाजला. जो भेटेल त्याला सांगितलं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना पुन्हा सांगितलं. मला वाटलं, आता बघा, मास्तरांच्या घरची शिकवणी सुरू होणार, पोरीचे कान किटणार. आणि झालं भलतंच. जगाला सांगून झाल्यावर तो घरी आला आणि पोरीसमोर मूग गिळून बसला.

ती विचारायची, "बाबा, बॅग केवढी घेऊ?"

"आईला विचार."

"बाबा, तिकडे गेल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं असतं?"

"बघू. गाडीचं ऑइल बदलायचंय मला."

त्या दिवसांत त्या गाडीची जेवढी सेवा झाली तेवढी नवीन असतानाही झाली नव्हती. पोरगी खाली आली की तो बॉनेटखाली. जेवायला बसले की हा टायरबद्दल बोलणार. परक्यांच्या पोरांना अख्ख्या रस्ताभर शहाणपण शिकवणारा माझा भाऊ, स्वतःच्या लेकीला टायरमधल्या हवेपलीकडे काही सांगेना. भावजयीने खोदून विचारलं, रागावून विचारलं. "वेळ आली की बोलेन," एवढंच उत्तर.

एक दिवस खारू माझ्या दुकानात आली आणि कापड बेतायच्या टेबलावर चढून बसली. बटणांच्या डब्यात हात घालून ढवळत राहिली. मी म्हटलं, "काय बिनसलंय?"

"आत्या, बाबांना मी जायला नकोय."

"कोण म्हणालं?"

"कोणीच म्हणालं नाही. तेच तर. ते सगळ्यांच्या मुलांना सांगतात जा म्हणून. मला एकदाही म्हणाले नाहीत." बटणं डब्यात पडल्याचा आवाज झाला. "ते स्वतःच्या तोंडाने जा म्हणाले नाहीत ना, तर मी विमानतळाच्या दारातून परत फिरेन. मी ठरवलंय."

"डोकं फिरलंय का तुझं? एवढी परीक्षा दिलीस ती काय गंमत म्हणून?"

"मी त्यांना दुखवून तिकडे राहू शकणार नाही, आत्या. रोज तेच डोक्यात येईल. मग उगाच जाऊन परत येण्यापेक्षा न गेलेलं बरं." मग तिने माझा हात धरला. "आणि तू त्यांना सांगायचं नाहीस. तू सांगितलंस म्हणून ते म्हणाले तर ते तुझं म्हणणं झालं, त्यांचं नाही."

मी शब्द दिला. देताना वाटलं नव्हतं की तो शब्द मला गळ्यात अडकलेल्या घासासारखा छळेल. रोज खिडकीतून भावाला गाडी पुसताना बघायचं आणि दातांखाली टाचण्या धरून गप्प बसायचं. एवढं गप्प मी माझ्या लग्नातही बसले नव्हते.

जायचा दिवस उजाडला. विमान दुपारचं होतं. निरोप घरी घ्यायचा हा मास्तरांचाच नियम, म्हणून आम्ही सगळ्या वरच्या खोलीत तयार होऊन बसलो. दोन बॅगा, एक पाठीवरची पिशवी आणि भावजयीने भरलेला डबा. खारूने बॅगा स्वतः भरल्या होत्या, कोणाला हात लावू दिला नव्हता. आम्ही वाट बघतोय आणि हा खाली बॉनेटखाली. शेवटी भावजयीने गॅलरीतून हाक मारली, "अहो, वर या." तो वर आला, दोन्ही हात काळे, तोंडाला ऑइल. खोलीत सगळ्यांकडे एकदा बघितलं, खारूकडे सोडून.

"चला, उशीर होतोय," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

खारूने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. काय करणार?

डिकीपाशी तो सवयीने हाताची घडी घालून उभा राहिला आणि पोरीने दोन्ही बॅगा स्वतः उचलून ठेवल्या. खारू पुढे बसली, मी आणि भावजय मागे. रस्ताभर त्याने काय सांगितलं असेल? डाव्या बाजूच्या आरशाचा स्क्रू कसा ढिला झालाय ते. मी दोनदा खोकले. भावजयीने तर त्याच्या पाठीत एक बोट खुपसलं. त्याने सीट पुढे सरकवली.

बेत असा होता की आम्हाला दारात उतरवून तो गाडी पार्किंगमध्ये लावणार आणि चालत परत येणार. दारात पोचलो. त्याने झटकन उतरून डिकी उघडली, बॅगा काढून खांबापाशी उभ्या केल्या. खारू उतरली, भावजय उतरली. माझा गुडघा आखडला होता आणि एका पायातली चप्पल सीटखाली गेली होती, म्हणून मी वाकून ती शोधत होते. तेवढ्यात त्याचा आवाज आला, अगदी गिऱ्हाइकाशी बोलतो तसा गोड.

"बॅगा मोजून घ्या हं."

स्वतःच्या लेकीला 'घ्या'. मी डोकं वर काढेपर्यंत शिट्टी वाजली, माझ्या बाजूचं दार धाडकन लागलं, हा पुढे बसला, आणि गाडी सुटली.

आधी मला वाटलं, पार्किंगकडे चाललाय. पण पार्किंगचं वळण डावीकडे गेलं आणि गाडी सरळ. मी म्हटलं, "अरे, कुठे निघालास?"

"तळावर," तो म्हणाला. मग आरशात मी दिसले. त्याच्या चेहऱ्यावरचं जे काही होतं ते सगळं उतरलं. "ताई, तू गाडीत काय करतेयस?"

"मी गाडीत काय करतेय? तू गाडीत काय करतोयस? पोरीला सोडून निघालास तू. भाडं सोडावं तसं सोडून निघालास."

त्याने ब्रेक दाबला, पण तिथे थांबता येत नाही. मागे ट्रक, पुढे ट्रक, रस्ता एकदिशा. परत दारात यायचं तर मालाच्या गोदामांना वळसा घालून, पुलाखालून, सिग्नल पार करून यायचं. रोजचा रस्ता त्याचा, पण त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. फोन करावा तर त्याचा फोन भावजयीच्या पर्समध्ये, तिकीट दाखवायला दिलेला, आणि माझा घरी मशीनवर.

मी मागून बोलत सुटले होते. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत होता. मग गोदामांपाशी गाडी अडकली आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "ताई, मी तिला अजून काहीच बोललो नाहीये."

"माहीत आहे सगळ्या घराला."

"रोज ठरवायचो. आज सांगू, संध्याकाळी सांगू. समोर आली की वाटायचं, मी जा म्हटलं की ती जाईल." त्याने नाक पुसलं. "जा म्हटलं नाही, तोवर ती अजून घरीच आहे, असं वाटायचं. वेडेपणा आहे, कळतंय मला. लोकांना इतकं सांगायचो ना, तेव्हा मला वाटायचं मला हे सगळं येतं. काही येत नाही ग. म्हणून नुसतं ऑइल बदलत बसलो."

तुम्हाला सांगते, मला त्याचा राग आला होता तो तिथेच विरघळला. लहानपणी पायात काटा गेला की हा कोणाला सांगायचा नाही, लंगडत लंगडत खेळत राहायचा. तोच हा. मला खारूचं बोलणं जिभेच्या टोकावर आलं होतं. ती दारातून परत फिरणार आहे, तुझ्या एका शब्दासाठी फिरणार आहे. पण शब्द दिला होता. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि पुढच्या ट्रकच्या मागचा नंबर वाचत बसले.

"तुला काय म्हणायचंय तिला?" एवढंच मी विचारलं.

"खूप."

"मग ते म्हण. आणि तो ट्रक हलला, चल."

पुलाखाली सिग्नल लागला. मला डोळ्यांसमोर दोनच चित्रं दिसत होती. एकात पोरगी मान खाली घालून आत निघून गेली होती, दुसऱ्यात ती आईला म्हणत होती, बॅगा घे, घरी जाऊ. दोन्हींत माझ्या भावाला आयुष्यभर झोप लागली नसती.

दारात पोचलो तर दोघी त्याच खांबापाशी. खारू मोठ्या बॅगेवर बसली होती, भावजय शेजारी उभी, आणि प्रवासाचा डबा उघडून दोघी खात होत्या. खारूचे दोन्ही गाल भरलेले.

भावजय म्हणाली, "मी शोधायला निघाले होते. हीच म्हणाली, थांब आई, सवयीने गेलेत, गोल फिरून येतील. गोदामांपाशी ट्रक असणार, वेळ लागेल, तोवर खाऊन घेऊ." मग ती नवऱ्याकडे वळली. "घरी चला, मग बोलते तुमच्याशी."

पहारेकरी शिट्टी तोंडात धरून आला. भावाला तो रोज बघतो. "मास्तर, दुसरी फेरी? गिऱ्हाईक कुठंय?"

"आज मीच गिऱ्हाईक आहे," भाऊ म्हणाला.

पहारेकऱ्याने खारूकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं आणि शिट्टी तोंडातून काढली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा ती पुन्हा तोंडात घालून त्याच्यावर वाजवली.

भाऊ पोरीसमोर उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता हा आरशाच्या स्क्रूबद्दल बोलतो. त्याने दोनदा घसा खाकरला.

"खारू, तू जावंस असं मला वाटतं," तो म्हणाला. "फार वाटतं. आणि जाऊ नयेस असंही तेवढंच वाटतं. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक खोटं करून मला बोलता येत नव्हतं, म्हणून बोललो नाही. पण तू जा. मी सांगतोय, तू जा."

खारूने घास गिळला. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. उलट उभी राहिली, डब्याचं झाकण लावलं आणि हाताची घडी घातली, अगदी बापासारखी.

"ऐका आता," ती म्हणाली. "परत जाताना आईला पुढे बसवा. रडू तुम्हाला जास्त येणार आहे, पण गाडी तुम्हालाच चालवायचीय, त्याला इलाज नाही. आत्याला मागे मधोमध बसवा, म्हणजे जागा रिकामी दिसणार नाही. सरळ घरी जायचं नाही, चहा प्यायचा. खिडकीकडे पाठ करून. आणि माझ्या खोलीत तिकडचं घड्याळ लावायचं नाही."

"बरं," भाऊ म्हणाला.

"नाही जमलं तर मी परत येईन. हे तुम्ही महिनाभर आधी म्हणायचं होतं."

"हो. राहिलं ते."

मग तिने आईला मिठी मारली, मला मारली आणि माझ्या कानात म्हणाली, "सांगितलं नाहीस ना?" मी म्हटलं, "तोंडात ओढणी होती." शेवटी बापाला. तो बॅगेला हात लावायला वाकला, मग आपणच हात मागे घेतला. तिने दोन्ही बॅगा उचलल्या, मोजल्यासारखं केलं आणि आत गेली.

चहावाल्याकडे गेलो. भाऊ सवयीने गल्ल्यापाशी जाऊन उभा राहिला. चहावाल्याने त्याचा कप भरला, मग आमच्या टेबलाकडे बघितलं, एकही गिऱ्हाईक नाही हे बघितलं, आणि तो कप उचलून स्वतः आमच्या टेबलावर आणून ठेवला. भाऊ येऊन बसला. बसला कुठे, तर खिडकीकडे तोंड करून. एकेक विमान चढलं की याचा कप हवेत थांबायचा.

"हे असेल का ग?" तो भावजयीला विचारायचा.

"तिला अजून आत जाऊन तासही झाला नाही. आणि पाठ करून बसायचं असतं ना?"

"ते गिऱ्हाइकांसाठी," तो म्हणाला. भावजयीने दोन मिनिटं त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग स्वतःच खुर्ची फिरवून त्याच्या शेजारी खिडकीकडे तोंड करून बसली. मी तीन चहा संपवले. त्यांचा एकेक गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका बाईंच्या ब्लाउजला हुक लावत होते, तेव्हा भाऊ फोन हातात घेऊन दुकानात आला. मागून भावजय. मेसेज आला होता. "पोचले. खोली छान आहे."

"आता लिही 'बरं'," मी म्हटलं. "तुझाच नियम आहे."

तो लिहायला लागला. पुष्कळ लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. ज्या बाईंचा ब्लाउज होता त्याही आपलं काम विसरून त्याच्या बोटांकडे बघत राहिल्या. शेवटी त्याने एक मोठा श्वास घेतला, 'बरं' लिहिलं, पाठवलं आणि परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखा स्टुलावर बसला.

लगेच फोन वाजला. त्याने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"एवढंच?" खारूने लिहिलं होतं.

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून मला गाडी दिसत होती. त्याने पुढचं दार उघडलं, मग ते लावून मागचं उघडलं आणि आईबाप बसतात त्या सीटवर जाऊन बसला. फोन कानाला लावला. त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, हात तेवढे दिसत होते. अंथरूण कसं आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, शेजारी कोण आहे, जेवलीस का, हे सगळं मला त्या हातांवरून समजत होतं. 'कोणाबरोबर' हे बहुतेक त्याने विचारलंच नाही.

स्टँडवरून दोनदा बोलावणं आलं. भावजय जाऊन सांगून आली, मास्तर आज स्वतःच गिऱ्हाईक आहेत. ब्लाउज झाला, बाई गेल्या, मी दुसरं कापड बेतायला घेतलं, तरी तो उतरला नव्हता.